हात थांबला की प्रकरण पास

शोकसभेत माइकवर आलेल्या गृहस्थांनी वेणूताईंना "लोकप्रिय लेखिका" म्हटलं आणि माझं डोकं सरकलं. शब्दात काही वाईट नव्हतं. पण "लोकप्रिय" म्हणताना त्यांनी ओठ असे काही आवळले, जणू वरणात खडा लागला. पुढे म्हणाले, "त्यांच्या ऐतिहासिक प्रेमकथांनी गृहिणींच्या दुपारी सुखाच्या केल्या." मी मनात म्हटलं, कोणत्या गृहिणीची दुपार सुखाची असते, जरा दाखवा तरी. मी उठणारच होते, तेवढ्यात बाजूच्या खुर्चीवरच्या कांताबाईंनी माझं मनगट धरलं.

"बस वं लता," त्या हळूच म्हणाल्या. "बोलू दे त्याले. त्याची पुस्तकं कोण वाचून राहिलं?"

मी बसले. पण जे तिथं बोलायचं राहिलं ते आता लिहून टाकते, कारण वेणू तिजारे ही बाई त्या ओठ आवळण्यात मावणारी नव्हती. आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, वाचनालयात जाऊन बघा. त्यांच्या एकाही पुस्तकाला मूळ मुखपृष्ठ उरलेलं नाही. सगळ्यांना खाकी पुठ्ठे आहेत, वर हातानं नाव घातलेलं आणि आत हळदीचे डाग. "पागेतलं पैंजण" हे तर तिसऱ्यांदा बांधलेलं. माइकवाल्या गृहस्थांची पुस्तकंही तिथंच आहेत. त्यांची मुखपृष्ठं अजून चकचकीत आहेत.

वेणूताई माहेरच्या कुहीकडच्या, धानाच्या म्हणजे भाताच्या मुलखातल्या. नोकरी नागपुरात कळमन्याच्या बाजारात, एका अडत्याकडे लिखापढीची. यजमान वीज मंडळात. त्यांनी बायकोची एकही कादंबरी वाचली नाही, पण ड्युटीवरच्या सगळ्यांना वाचायला लावली. ते गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. एवढं चरित्र पुरे. बाकी बाई कळायला तिच्याबरोबर बाजारात जावं लागायचं.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. सुट्टीच्या दिवशी वेणूताई मला कळमन्याला घेऊन जायच्या, भाजी स्वस्त मिळते म्हणून नव्हे, "माणसं पाहाले." संत्र्याच्या गाड्या लागलेल्या असायच्या. हमाल पेट्या उतरवत असायचे. एकदा त्यांनी एका उंच, सावळ्या माणसाकडे बोट केलं. "तो पाह्य, डोक्याले गमछा बांधलेला. तो माझा सरदार आहे."

"कोणता सरदार?"

"नव्या कादंबरीतला. तलवार धरणारा खांदा कसा असते, ते मले पुस्तकात कुठून सापडणार? पेटी कशी उचलते पाह्य. पहिले वजन अंदाजते, मंग उचलते. माझा माणूस बाईलेही तसाच उचलते. अंदाज न घेता उचलणारा मेला कोणाले पाहिजे?"

तो हमाल नंतर त्यांच्या चार-दोन कादंबऱ्यांतून घोडे उडवत गेला. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. पुढे त्याच्या मुलीनं कॉलेजात असताना ती पुस्तकं वाचली, आणि वेणूताईंनी तिला सांगितलं तेव्हा ती पोरगी हसता हसता रडायला लागली. बापाला जाऊन सांगितलं म्हणे. बाप म्हणाला, "मंग घोडा कुठं हाय माझा?"

घोड्यावरून आठवलं. "पागेतलं पैंजण"मध्ये नायिका नऊवारी नेसून घोड्यावर बसते आणि पळते. वेणूताईंचं लिखाण तिथं अडलं. नऊवारीत रिकिबीत पाय कसा टाकायचा, हे त्यांना कळेना. दुसरी कुणी असती तर "ती चपळाईने स्वार झाली" असं लिहून मोकळी झाली असती. वेणूताईंनी लग्नाच्या वरातींना घोडे भाड्यानं देणारा एक माणूस गाठला. स्वतःचं वय पन्नाशीला आलेलं. नऊवारी नेसल्या, मला बरोबर घेतलं आणि त्याच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

घोडेवाला म्हणाला, "बाई, लगन कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही. मले बसून पाहाचं आहे."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे बघायला लागले. शेवटी एका स्टुलावर चढून, घोड्याची आयाळ, घोडेवाल्याचा खांदा आणि माझी वेणी असं सगळं धरून बाई वर बसल्या. घोडा गरीब होता. दोन पावलं चालला. आणि तेवढ्यात बाजूच्या गल्लीत बँडवाल्यानं ट्रम्पेटचा सराव सुरू केला.

वरातीचा घोडा तो. बाजा ऐकला की नाचायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. लागला नाचायला. पुढचे पाय वर, मान डावीकडे, मान उजवीकडे. वर वेणूताई, कासोटा सुटत आलेला, चष्मा एका कानावर. मी ओरडत होते, घोडेवाला बँडवाल्याला शिव्या देत होता, आणि बँडवाल्याला वाटलं आपलं वाजवणं कुणाला तरी भलतंच आवडलं, म्हणून तो आणखी जोरात वाजवायला लागला. खाली उतरल्यावर बाईंनी कासोटा सावरला, चष्मा नीट केला. पण तोंडावर काय तेज होतं. म्हणाल्या, "लते, प्रकरण मिळालं."

ज्यांनी कादंबरी वाचली त्यांना ते प्रकरण ठाऊक आहे. नायक नायिकेला पळवून नेतो तो घोडा घाईत एका लग्नघरातून सोडलेला. वेशीपर्यंत सगळं ठीक. वेशीवर चौघडा वाजतो आणि घोडा तिथंच नाचायला लागतो. मागून शिबंदी धावत येते आहे आणि घोडा नाचतो आहे. ती पानं वाचताना मी माझ्या हातानं उशी आवळली होती, खरं सांगते.

चुकाही करायच्या. एका कादंबरीत दमून आलेल्या शिलेदाराला नायिकेनं चहा दिला. राजेशाहीतल्या नागपुरात, घराघरांत चहा. इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी घरी येऊन ती चूक दाखवली. मला वाटलं आता वाजणार. वेणूताईंनी कपाळाला हात लावला. "हाव नं सर. चुकली मी. आमचे हे ड्युटीवरून येत, त्याईले पहिले चहा लागे. तेच हातातून उतरलं." मग विचारलं, "पण सर, दमलेल्या माणसाले मंग काय देऊ?" प्राध्यापक विचारात पडले. आतून चहा आला, तो पिता पिता दोघांनी मिळून ठरवलं, आंबील द्यायची. पुढच्या आवृत्तीत शिलेदार आंबील प्यायला, आणि त्यानंतर प्रत्येक कादंबरी छापायला जायच्या आधी त्या प्राध्यापकांच्या नजरेखालून गेली. ओठ न आवळणारेही विद्वान असतात, हे नमूद करते.

पण प्राध्यापकांची परीक्षा दुसरी. पहिली परीक्षा आमच्या गच्चीवर व्हायची.

आमच्याकडे उन्हाळ्यात सरगुंडे करतात. भिजवलेल्या कणकेची लांब वळी करायची, बारीक काडीवर ती फिरवत फिरवत गुंडाळायची, अलगद काढायची आणि धोतराच्या धडप्यावर वाळत घालायची. आंब्याच्या दिवसांत रसासोबत खायचे, एरवी पाहुणे आले की. काम एकटीचं नव्हे. सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्या एका गच्चीवर जमतात आणि हात चालू राहतात. वेणूताईंना मात्र सरगुंडे कधीच जमले नाहीत, त्यांची वळी काडीवरून गळून पडायची. म्हणून पहिल्या वर्षी बायकांनी त्यांना म्हटलं, तुमी नुसतं बसा आणि काही वाचून दाखवा.

त्या दिवसापासून तो रिवाज पडला. वेणूताई खुर्चीवर बसून नवं प्रकरण वाचायच्या आणि चष्म्यावरून बघायच्या, आमच्या तोंडांकडे नाही, हातांकडे. "तोंडावर तुमी सगळ्या वा वा म्हणता," त्या म्हणायच्या. "हाताले खोटं बोलता येत नाही." वाचता वाचता एखादीचा हात काडीवर थांबला की ते पान राहायचं. हात भराभर चालायला लागले, की त्या तिथंच लाल पेनानं आडवी रेघ मारायच्या. "तुमी कणीक संपवून घरी पळाले निघाल्या. म्हणजे माझंच चुकलं." हात थांबला की प्रकरण पास. कुण्या संपादकानं एवढी मेहनत घेतली नसती.

यात एकच अडचण होती, कांताबाई. मौद्याकडच्या शेतकरी घरातल्या, अजूनही रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गावी जाणाऱ्या, हाताला विजेचा वेग. कांताबाईंचा हात आजवर एकाही कादंबरीला थांबला नव्हता. नायक मरणाच्या दारात असो की नायिका सती जायला निघालेली असो, कांताबाईंची काडी फिरतच असायची. वेणूताई गमतीनं म्हणायच्या, "कांताबाई, तुमच्यासाठी मी आणखी एक कादंबरी लिहीन." कांताबाई म्हणायच्या, "लिवा नं. मी कुठं नाही म्हणून राहिली?" पण मला ठाऊक होतं, ही गंमत पुरती गंमत नव्हती. पुस्तकं महाराष्ट्रभर जात होती, लोक मुलींना नायिकांची नावं ठेवत होते, आणि या बाईला गच्चीवरचा तो एक हात थांबवायचा होता.

"कुहीची कारभारीण" लिहायला घेतली तेव्हा म्हणाल्या होत्या, "ही माझ्या माहेरची आहे. हिले मले चांगलं पोचवाचं आहे." नवरा लढाईत कामी आलेली, धानाची शेती आणि गावाचा कारभार एकटीनं सांभाळणारी बाई, आणि तिच्यावर जीव टाकणारा एक शिलेदार. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि त्या थंडीत वेणूताईंना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली म्हणता म्हणता थोडी परतली, पण जीभ अशी जड झाली की डॉक्टरांनाही त्यांचं बोलणं कळेना.

मला कळायचं. उभा जन्म खरखरत्या ट्रंक लाइनीवर लोकांचे तुटके शब्द जोडण्यात गेला होता. त्यामुळे त्या पलंगावरून पुटपुटायच्या आणि मी परत म्हणून दाखवायची. बरोबर असलं की डाव्या हाताचं बोट हलायचं.

प्रकाशकांचा फोन आला. माणूस भला, बोलणं साखरेचं. म्हणाले, "ताईंना आता त्रास नको. आमच्याकडे एक लेखक आहे, तो ताईंच्याच शैलीत शेवटचं प्रकरण लिहून देईल. नाव ताईंचंच राहील. वाचनालयांच्या मागण्या येऊन पडल्या आहेत." मी फोन वेणूताईंच्या कानाला लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि काहीतरी म्हणाल्या. पलीकडून आवाज, "काय म्हणाल्या?"

मी ऑपरेटरच्या आवाजात सांगितलं, "म्हणतात, माझी पोरगी मीच सासरी पाठवीन." त्यांच्या बोलण्यातली साखर थोडी कमी झाली. मग म्हणाले, पाऊस सुरू व्हायच्या आत प्रकरण आलं तर ठीक, नाहीतर आम्ही आमचं बघू.

मग आम्ही बसलो. रोज सकाळी थोडं थोडं. एक वाक्य व्हायला चहा गार व्हायचा. मी कधी आपल्या मनानं वाक्य पुरं केलं तर बोट हलायचं नाही, आणि मुकाट्यानं खोडावं लागायचं. शेवटी प्रकरण झालं. शिलेदार भर पावसात, ऐन रोवण्याच्या दिवसांत, घोडा फेकत येतो, कारभारणीला उचलून पुढ्यात घेतो आणि दोघं दूर निघून जातात. त्यांच्या सगळ्या कादंबऱ्यांचा शेवट तसाच असायचा. वाचकांना तोच आवडायचा.

सरगुंड्यांचे दिवस आले होते. आम्ही वेणूताईंना खुर्चीसकट उचलून गच्चीवर नेलं. या वेळी वाचणारी मी. त्या बाजूला बसून हात बघत होत्या. मी जीव ओतून वाचलं. शिलेदारानं तिला उचललं, आणि गच्चीवरचे सगळे हात थांबले. एकदम. त्यात कांताबाईंचाही हात होता.

मला इतका आनंद झाला की मी वेणूताईंकडे वळून बघितलं. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता. डाव्या हातानं त्यांनी माझ्या हातातले कागद ओढले आणि खाली टाकले. काहीतरी बोलल्या. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, काय म्हणतात म्हणून. सांगायला जीभ रेटत नव्हती, पण सांगितलं, "म्हणतात, माझ्यावर दया करून राहिल्या का तुमी? हात असे एका वेळी थांबतात का कधी?"

सगळ्यांच्या नजरा कांताबाईंकडे वळल्या. मग कांताबाई म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं साऱ्याईले. बाईनं एवढं सोसलं, म्हटलं, आपण हात थांबवले तर काय बिघडते."

वेणूताईंनी परत काही विचारलं. मी सांगितलं, "विचारतात, खरं सांगा, तुमचा हात आपोआप काहून नाही थांबला?"

कांताबाईंनी काडी खाली ठेवली. "बाई, तुमी बी धानाच्या मुलखातल्या. रोवणं चालू असतानी बाई घोड्यावर बसून पळून जाते का वं? उपटलेले पऱ्हे बांधीत पडले हायेत, रोपं वाळून राहिले, मजुरीण बाया वाट पाहून राहिल्या, आन ही चालली. मले ते पटलं नाही."

मला वाटलं आता वेणूताई कोसळतील. एवढ्या कष्टानं लिहिलेलं. त्यांनी कांताबाईंकडे नीट बघितलं. मग त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. हसत होत्या त्या. मला म्हणाल्या, "घरी चल. बस लिहाले."

ते प्रकरण व्हायला उन्हाळा सरला. आंबा संपत आला, आभाळ भरून यायला लागलं, प्रकाशकांचे फोन रोज. वेणूताईंची ताकद उतरत चालली होती. एखादे दिवशी एकच शब्द व्हायचा. मी म्हणायची, "ताई, आता पाठवून देऊ. गच्ची राहू द्या." बोट हलायचं नाही.

शेवटी एका सकाळी कांताबाईंनी परत कणीक भिजवली. कोणाच्याही घरी सरगुंड्यांचा डबा रिकामा नव्हता, आंबाही उरला नव्हता, वाळवायला धड ऊनही नव्हतं. तरी सगळ्या आल्या, आपापल्या काड्या घेऊन. वेणूताईंची खुर्ची वर आणली. कांताबाई त्यांना म्हणाल्या, "या बारीले कोणी दया नाही करणार. आमी आमचं काम करून राहिलो. तुमी तुमचं करा." आणि काडी फिरवायला लागल्या.

मी वाचायला घेतलं. पाऊस पडतो आहे. कारभारीण बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, उभी आहे, गुडघाभर चिखलात, रोवणाऱ्या बायांच्या रांगेत. शिलेदार येतो, बांधावर घोडा थांबवतो आणि हात पुढे करतो. ती वर बघते. म्हणते, "दमले असाल. तिथं झाडाखाली मडक्यात आंबील आहे, घ्या." तो म्हणतो, मी तुम्हाला न्यायला आलो. ती म्हणते, "मले रोवणं आहे." तो बराच वेळ तसाच बसून राहतो. मग घोड्यावरून उतरतो, आंबील पितो, तलवार सोडून बांधावर ठेवतो आणि चिखलात पाय टाकतो. ती पऱ्ह्याची एक पेंडी त्याच्या हातात देते आणि रांगेत थोडं सरकून त्याला जागा करते. एवढंच. संपलं.

ती ओळ मीच लिहून घेतली होती, एकेक शब्द करून, आणि तरी ती वाचताना माझा आवाज चिरकला. ट्रंक लाइनीवर लोकांच्या मरणाच्या बातम्या जोडून देताना जो कधी चिरकला नव्हता, तो. मान वर केली. कोपऱ्यातली एक बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. दुसरीची वळी अर्धवट लोंबत होती. तिसरी पदरानं डोळे पुसत होती, गालाला कणीक लागली होती. आणि कांताबाईंची काडी फिरतच होती.

मला वाईट वाटलं. शेवटी नाहीच, असं मनात आलं. मी वेणूताईंकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात त्यांचं डावं बोट उठलं आणि कांताबाईंच्या हाताकडे रोखलं गेलं. मी नीट बघितलं. वळी केव्हाचीच गळून खाली मांडीत पडली होती. कांताबाई समोर कुठंतरी बघत होत्या, त्यांच्या गावच्या बांधीकडे असेल, आणि हातात नुसती उघडी काडी फिरत होती.

वारा सुटला होता, धडप्याची टोकं उडत होती. वेणूताई कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत बसल्या. मग माझ्याकडे वळून त्या जड जिभेनं दोन शब्द बोलल्या, आणि ते समजायला त्या दिवशी कोणालाच माझी गरज पडली नाही.

"पाठव आता."